चपला कोण राखतं?

मायचे हात वर्षातले तीन-चार महिने पिवळे असायचे. लग्नातल्या नवरीचे असतात तसे. फरक एवढाच, की नवरीची हळद आठवड्यात उतरते आणि मायची पावसाळा लागेपर्यंत उतरायची नाही. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा हळद मोठाल्या कढयांत शिजवायचे. ती वाळली की बायकांनी ओळीनं उकिडवं बसायचं आणि हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे करायचे. आमची जमीन थोडी, तीही मुरमाड. आधी आमची हळद निवडायची, मग दुसऱ्यांच्या खळ्यावर जायचं. दिवसभर गुडघे मोडून बसायचं आणि घरी येऊन चुलीपुढं परत गुडघे मोडून बसायचं. भाकरी थापली की तिच्यावर पिवळी बोटं उमटायची. कुणाच्या भाकरीवर जास्त बोटं, यावरून आम्ही भावंडं भांडायचो. दुसरं भांडायला घरात काही नव्हतंच. पत्र्याची एक खोली, मधे लुगडं टांगून तिच्या दोन केलेल्या.

खोली आमची असली तरी घर थोरल्या बाबांचं. थोरले बाबा म्हणजे माझ्या वडलांचे मोठे भाऊ. कोणत्या वावरात काय पेरायचं, कुणी कुणाच्या लग्नाला जायचं, कोणत्या लेकराला शाळेत ठेवायचं, हे सगळं ते ठरवायचे. माझे वडील त्यांच्यापुढं तोंड उघडायचे नाहीत. मी दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात आले तेव्हा थोरले बाबा म्हणाले होते, "पोरीला काय कलेक्टर करायचं हाय व्हय? लई झालं शिक्षण." माय त्यांच्याशी पदराआडून बोलायची. पदराआडूनच म्हणाली, "कलेक्टर न्हाई तर न्हाई. हळद निवडायला न्हाई बसू द्यायची मी तिला." मी परभणीला शिकले, पदवीधर झाले. आमच्या सात पिढ्यांत पहिली. हे मी नम्रपणानं सांगणार नाही. नम्र व्हायला ते मला कुणी फुकट दिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते नाचण्याबद्दल.

मायचं माहेर पैनगंगेच्या काठी होतं. होतं म्हणते, कारण ते धरणात गेलं. मामालोक पांगले, कुणी पुण्याकडं, कुणी नांदेडात भाड्याच्या खोलीत. पंचमीला भावानं बहिणीला न्यायला यावं, असं गावच राहिलं नाही. त्या बुडालेल्या गावात माय फेर सांगायची. नागपंचमीला बाया वारुळापाशी गोल धरून नाचतात, तेव्हा एकीनं गाण्याची ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. ओळ उचलणारी ती फेर सांगणारी. तिला नुसता गळा असून भागत नाही. जुनी गाणी संपली की जागच्या जागी नवी जुळवावी लागतात, कुणाच्या नणंदेला चिमटा काढावा लागतो, कुणाच्या सासूला टोला हाणावा लागतो. मायला हे येत होतं असं मी तिच्या एका चुलतबहिणीकडून ऐकलं. मायनं स्वतः कधी सांगितलं नाही.

कारण आमच्या गावचा रिवाज वेगळा. फेर धरायचा तो लेकींनी, म्हणजे गावात जन्मलेल्यांनी. सुनांनी पाण्याची कळशी घेऊन कडेला उभं राहायचं आणि लेकींच्या चपला राखायच्या. वारुळापुढं पायांत काही घालत नाहीत, त्यामुळं चपलांचा ढीग पडतो आणि गावची कुत्री त्या ढिगावर टपलेली असतात. सुनेला नाचायचंच असेल तर तिनं तिच्या माहेरी जाऊन नाचावं. हिशोब बराबर वाटतो ना? ज्या सुनेचं माहेर पाण्याखाली आहे तिनं कुठं नाचायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मी सात-आठ वर्षांची असताना एका पंचमीला फेर सांगणारीचा घसा बसला. ओळच कुणाला सुचेना, फेर विस्कटायला लागला. सासरहून आलेली एक लेक मायला म्हणाली, "वहिनी, तुमाला येतंय म्हनं. सांगा की एक!"

"नगं गं माय. मी सून हाय."

"अवो, कोन बघून राहिलंय? चला!"

तिनं हात धरून ओढलं. मायनं कळशी खाली ठेवली, एक ओळ उचलली आणि पाय टाकला. मी मायला चालताना पाहिलं होतं, ओझं नेताना पाहिलं होतं. तिच्या पायांना हेही येतं, हे मला माहीत नव्हतं. पदर खांद्यावर आला होता. तीन-चार फेऱ्या झाल्या असतील. तेवढ्यात कडेला कुत्र्यांची झोंबाझोंबी झाली आणि एक कुत्रं कुणाच्या तरी लेकीची नवीन चप्पल तोंडात धरून पळालं.

थोरले बाबा पारावर बसले होते. ते तिथूनच ओरडले, "चपला सोडून कुठं निघाली? घराण्याची सून हायस का तमाशातली?"

सगळा गाव हसला. माझे वडीलही पारावरच बसले होते. ते खाली बघत राहिले. मायनं पदर डोक्यावर ओढला, कळशी उचलली आणि परत कडेला जाऊन उभी राहिली. पुढं कितीतरी वर्षं ती नळावर गेली, गिरणीत गेली, कुठंही गेली, की कुणीतरी म्हणायचंच, "जपून गं बाई. ही नाचली की कुत्रं चप्पल नेतंय." शाळेत मलाही पोरं म्हणायची. माय त्यानंतर घरात गुणगुणायचीसुद्धा बंद झाली. जात्यावर नाही, पाळण्यावर नाही. माझा धाकटा भाऊ अंगाईशिवाय मोठा झाला.

आणि हेच थोरले बाबा शाळेच्या समितीवर होते. गॅदरिंगला आम्ही पोरींनी नऊवार नेसून स्टेजवर पंचमीचा फेर धरला, तेव्हा पहिल्या रांगेत बसून त्यांनी टाळ्या वाजवल्या. "आपली संस्कृती जपली पायजे," असं माईकवर बोलले. त्यांच्या पोराच्या वरातीत गावचे पुरुष तोंडात रुमाल धरून धुळीत लोळले, एकमेकांच्या अंगावर पडले, एक जण नालीत गेला. तेव्हा घराण्याचं काही बिघडलं नाही. घराण्याचं नाक फक्त सुनेच्या पायाला बांधलेलं असतं. तिनं पाय उचलला की नाक कापलं जातं.

शिकून मी एका मसाल्याच्या कंपनीत लागले. हळदीचा रंग, ओल, भेसळ तपासायची आणि बाहेरदेशच्या व्यापाऱ्यांना आमचा माल समजावून सांगायचा. मायनं जी हळद निवडली तीच मी काचेच्या नळीत घालते. या कामापायी मी जग फिरले. कुणी विचारलं की जगात काय पाहिलंस, तर मी इमारती सांगत नाही. मी लोकांना नाचताना पाहिलं, आणि दर वेळी माझं डोकं तापलं.

पहिल्यांदा अदिस अबाबाला. एका मसालेवाल्यानं घरी जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, कुणीतरी एकतारी वाद्य काढलं आणि माणसं बसल्या जागी खांदे नाचवायला लागली. पाय स्थिर, मान स्थिर, खांदे मात्र चाळणीतल्या ज्वारीसारखे थरथरत होते. घरची सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सासूसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणी खाणार. सासूनं खांदे उडवले. सुनेनं तिच्यापेक्षा जोरात उडवले. दोघींची जुंपली. शेवटी सासू दमली आणि हसत सुनेच्या गळ्यात पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझी माय त्या वेळी कुणाच्या तरी लग्नात मागल्या दाराशी पोळ्या लाटत असणार, आणि वरात पुढल्या दारानं जात असणार.

मग मेक्सिकोतलं एक बंदराचं गाव. संध्याकाळी तिथल्या चौकात बँड वाजतो आणि म्हातारी जोडपी नाचायला येतात. कडक इस्त्रीचे सदरे, हातात पंखे. एका आजीबाईचे गुडघे मायसारखे सुजलेले होते. ती दोन पावलं नाचायची, थांबायची, पंख्यानं वारा घ्यायची आणि बरोबर ठेका धरून परत सुरू व्हायची. तिचा नवरा उभा राहून वाट बघायचा. ज्या बाईंनी आमची हळद घेतली होती त्या आमच्याबरोबर होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे बायका रस्त्यात अशा नाचतात?"

आमच्या कंपनीचे साहेब चटकन म्हणाले, "आमच्याकडे स्त्रीला देवी मानतात. नृत्य तर आमच्या रक्तात आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आमच्या गावात सुना नाचत नाहीत. नाचणाऱ्यांच्या चपला राखतात."

बाईंना वाटलं, मी इंग्रजी चुकले. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. हॉटेलवर आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "घरातली धुणी बाहेर धुवायची नसतात." मी म्हणाले, "साहेब, घरात तरी कुठं धुतो आपण?"

त्यानंतरच्या वर्षी मायचे गुडघे पार गेले. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, पुढल्या थंडीपर्यंत ऑपरेशन करायला लागेल. नंतर चालता येईल, पण खाली वाकणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं सगळं बंद. मायला आनंद झाला. "चला, हळद निवडायची सुटली," म्हणाली. माझ्या डोक्यात भलतंच आलं. फेरात वाकावं लागतं. दोन पावलं पुढं जाऊन कमरेत आणि गुडघ्यात वाकायचं, टाळी द्यायची, एक पाऊल मागं यायचं. म्हणजे मायला नाचायचं असेल तर तिच्याकडं एकच पंचमी उरली होती.

त्याच वर्षी आषाढात मी जपानला होते. तिथं मेलेल्या वाडवडलांसाठी गावोगाव नाच असतो. मोकळ्या जागेत मचाणासारखा लाकडी माळा बांधतात, माळ्यावर ढोल, आणि ढोलाभोवती सगळा गाव गोल धरून फिरतो. कुणीही घुसावं, कुणी विचारत नाही. मी कडेला उभी होते. सवयच तशी, आमच्याकडं कडेला उभं राहायचं शिक्षण आधी होतं. दोन पावलं पुढं, वाकून टाळी, एक पाऊल मागं. मी हबकले. हा तर पंचमीचा फेर! एका आजीनं मला बाहीला धरून आत घेतलं आणि माझे पाय न शिकवता चालायला लागले. मला रडू आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मला राग आला. सातासमुद्रापलीकडच्या परक्या बाईला इथं गोलात जागा आहे, आणि माझ्या मायला तिनं उभा जन्म काढलेल्या गावात नाही.

मी बाहेर आले आणि मायला व्हिडिओ कॉल लावला. तिथं रात्र पडली होती, आमच्याकडं अजून दिवस होता. माय ओट्यावर गुडघे शेकत बसली होती. मी फोन गोलाकडं फिरवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"कोन बाया गं ह्या?"

"इथल्याच."

"लेकी का सुना?"

"दोनी बी."

"मंग चपला कोन राखतं?"

"कोनी न्हाई, माय. पायातच हायेत त्यांच्या."

मायनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग ती म्हणाली, "ती बघ म्हातारी. मह्याहून थोराड दिसतीया. गुडघ्याला काय लावती, इचार बरं तिला."

मी म्हणाले, "माय, औंदाच्या पंचमीला मी येऊन राहिले. तू फेर सांगायचा."

"येडी का खुळी! थोरले हायेत अजून."

"असू दे की. बघतील."

"तुला काय, तू इमानात बसून जाशील. नळावर मला जायचंय." तिनं फोन ठेवला.

पंचमीला मी गेले. वारुळाची जागा तीच. कडेला सुना तशाच उभ्या. पहिल्यापेक्षा जास्त शिकलेल्या. एक शाळेत मास्तरीण होती, एकीनं माझ्यासारखीच पदवी घेतलेली होती. कळशीच्या जागी पाण्याची बाटली आणि हातात मोबाईल आला होता. त्या मोबाईलवर त्या लेकींच्या नाचाचं शूटिंग करत होत्या आणि पायाशी चपला होत्या. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माय त्यांच्यात कडेच्या भिंतीला टेकून उभी होती. लेकी मला हाका मारत होत्या, "ये की गं, फॉरेनवाली!"

मी फेरात गेले नाही. मी मायपाशी गेले आणि म्हणाले, "तू जा. चपला मी राखते."

"लेकीनं न्हाई राखायच्या."

"काहून न्हाई?"

"न्हाई म्हनजे न्हाई. आन तूच हितं बसली तर मह्यासंगं तिथं कोन?"

म्हणजे तिला जायचं होतं! हे तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मास्तरीणबाईंनी ऐकलं. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, तुमी गेल्या तर आमी बी येतो. पर चपला?"

सगळं त्या चपलांवर अडलं. हसू नका. माणसं मोठ्या गोष्टींवर अडत नाहीत, असल्याच गोष्टींवर अडतात. तिकडं पारावर थोरले बाबा काठी टेकून उठायला लागले होते. त्यांच्या शेजारून माझे वडील उठले. मला वाटलं, भावाच्या सांगण्यावरून हे मायला घरी न्यायला निघाले. माझी जीभ तयार होती. त्या दिवशी मी बापालाही सोडणार नव्हते.

ते मायकडं आले नाहीत. कुंपणाच्या कुपाटीतली एक काडी मोडून घेतली आणि चपलांच्या ढिगापाशी जाऊन मांडी घालून बसले.

थोरले बाबा पारावरून ओरडले, "अरे लाज हाय का न्हाई? बायकांच्या चपला राखून राहिला!"

वडील मान वर न करता म्हणाले, "कुत्रे लई झालेत, दादा."

आधी एक म्हातारी फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या. हसणं पारापर्यंत गेलं आणि तिथली माणसंही हसली. थोरले बाबा उभे राहिले, काहीतरी पुटपुटले आणि घराकडं निघून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

वडलांना मी तेवढ्यानं माफ केलंय असं नाही. ते बसणं त्यांना किती आधी जमलं असतं! एका काडीचं तर काम होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "व्हय."

माय गोलात गेली. पदर कमरेला खोचला. सुना एकमेकींना ढकलत तिच्यामागं गेल्या, मीही गेले. मायनं घसा साफ केला. आवाज फाटका निघाला, दुसऱ्या खेपेला सरळ झाला. जुनं गाणं तिनं घेतलं नाही, जागच्या जागी जुळवलं:

"माझी लेक गेली गं सात मुलखाला,
न्हाई कोनी दिसलं गं चपला राखायला!"

बायांनी ओळ झेलली. दोन पावलं पुढं, वाकून टाळी, एक पाऊल मागं. माय अर्धीच वाकत होती. टाळीला गुडघा धरायची आणि मागच्या पावलाला सोडायची. मेक्सिकोतल्या आजीबाईसारखी थांबली मात्र नाही. ओळीमागून ओळ येत गेली. एकीत नळ होता, एकीत कुत्रं, एकीत पारावरची काठी. इतकी वर्षं ती गप्प नव्हती तर! आतल्या आत जुळवून ठेवत होती.

थंडीत तिचं ऑपरेशन झालं. आता ती वाकू शकत नाही.

पण त्या पंचमीला आमच्या गावात सुनांनी फेर धरला, आणि तो माझ्या मायनं सांगितला.